सुई कोणाच्या हातात? : नशा करणाऱ्यांपर्यंत स्वच्छ साहित्य पोहोचवण्याचा इतिहास आणि आपली चळवळ



वस्तीतल्या गर्द ओढणाऱ्या, सुई टोचून घेणाऱ्या पोरांचा विषय बैठकीत निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, 'पोलिसांना कळवा, उचलून नेतील.' दुसरे, 'व्यसनमुक्ती केंद्रात टाका.' जो पोरगा आज नशा सोडायला तयार नाही त्याला निदान स्वच्छ सुई द्या, असे तिसरे वाक्य कोणी उच्चारले तर बैठक गप्प होते. मग कोणीतरी पंचशीलाची आठवण करून देतो आणि विषय तिथेच संपतो.

विषय तिथे संपू नये म्हणून हा लेख लिहितो आहे. स्वच्छ सुई वाटण्याला जगात चाळीस वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपण वाचलेला नाही. त्यात काळ्या जनतेच्या नेत्यांनी केलेला विरोध आहे, त्याच नेत्यांनी नंतर बदललेले मत आहे, मुद्दाम मोडलेले कायदे आहेत, कोर्टातले विजय आहेत. आपल्या देशातल्या आदिवासी डोंगराळ भागाने मोजलेली किंमतही त्यात आहे. या इतिहासातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. सुई द्यायची की नाही, हा अर्धाच प्रश्न आहे. कोणी दिली, कुठे दिली, किती दिल्या आणि कोणत्या अटीवर दिल्या, यावर माणूस जगतो की मरतो हे ठरते.

हे साहित्य म्हणजे नेमके काय?

इंग्रजीत या धोरणाला 'हार्म रिडक्शन' म्हणतात. मराठीत सरळ 'हानी कमी करणे' म्हणू. विचार साधा आहे. माणूस नशा सोडेल तेव्हा सोडेल, पण तोपर्यंत तो एचआयव्हीने, कावीळने किंवा ओव्हरडोसने मरता कामा नये. मेलेल्या माणसाची व्यसनमुक्ती होत नाही.

यासाठी लागणारे साहित्य स्वस्त आहे. निर्जंतुक सुई आणि सिरिंज, निर्जंतुक पाण्याची कुपी, स्पिरिटचा स्वॅब, कापूस, पूड विरघळवायची स्वच्छ वाटी, वापरलेल्या सुया टाकायचा पक्का डबा, कंडोम, आणि ओव्हरडोसमध्ये बंद पडत चाललेला श्वास परत सुरू करणारे नॅलोक्सोन हे औषध. एका माणसाने वापरलेल्या सिरिंजमध्ये रक्ताचा अंश उरतो. तीच सिरिंज दुसऱ्याने वापरली की त्या रक्तातला विषाणू थेट त्याच्या शिरेत जातो. एचआयव्ही आणि त्याहून सहज पसरणारे हेपटायटिस बी व हेपटायटिस सी या तिघांची ही सरळ वाट आहे. पाणी आणि वाटी सामाईक वापरली तरी धोका राहतो. म्हणून नुसती सुई पुरत नाही, सगळे साहित्य लागते.

सुरुवात नशा करणाऱ्यांनीच केली

नेदरलँड्समध्ये १९८० च्या आसपास हेरॉईन वापरणाऱ्यांनी स्वतःची संघटना काढली. तिचे नाव 'युंकीबॉन्ड', म्हणजे सरळ अर्थाने नशेडींची युनियन. ज्या शिवीने समाज त्यांना हाक मारी, तीच शिवी त्यांनी पाटीवर लिहिली. 'दलित' हा शब्द आपण कसा उचलला आणि छाती काढून कसा वापरला, हे माहीत असलेल्यांना यात नवल वाटायचे कारण नाही.

१९८४ साली ॲमस्टरडॅमच्या मध्यवस्तीतल्या एका औषध दुकानदाराने या लोकांना सिरिंज विकणे बंद केले. हेपटायटिस बी पसरेल ही भीती संघटनेने मांडली. शहराच्या आरोग्य खात्याने मग आठवड्यातून एकदा सुया-सिरिंजांचा साठा संघटनेकडे पोहोचवायचा आणि वापरलेल्या सुया परत घेऊन जायच्या, असे ठरले. वाटप करणारे हात नशा करणाऱ्यांचेच होते. एड्सची चर्चा अजून जोरात सुरू व्हायची होती. म्हणजे जगातला हा पहिला गाजलेला प्रयोग एका युनियनच्या मागणीतून उभा राहिला. तज्ज्ञ मंडळी नंतर आली.

एडिनबर्ग : सुई नाकारल्यावर काय होते

त्याच काळात स्कॉटलंडच्या एडिनबर्ग शहराने उलटा रस्ता धरला. पोलिसांनी धरपकड वाढवली, सापडलेली सिरिंज पुरावा म्हणून जप्त होऊ लागली, आणि जिथून लोक सिरिंज विकत घेत ते दुकानही बंद झाले. नशा बंद झाली का? नाही. सुया कमी झाल्या. एकेका सिरिंजवर अनेकांचे काम चालू लागले.

तिथल्या एका गरीब वसाहतीत डॉ. रॉय रॉबर्टसन दवाखाना चालवत. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हेरॉईन टोचून घेणाऱ्या १६४ रुग्णांचे रक्त तपासले. १९८६ साली छापलेल्या त्यांच्या अहवालानुसार ५१ टक्के लोकांना एचआयव्हीची लागण झालेली होती. तासाभराच्या अंतरावर असलेल्या ग्लासगोमध्ये हेरॉईन भरपूर होते, पण लागण पाच टक्क्यांच्या आसपास होती. दोन्ही शहरांतली माणसे तीच, नशा तीच. मोठा फरक होता तो सिरिंज मिळण्या-न मिळण्याचा.

यानंतर ब्रिटनमध्ये चक्रे फिरली. १९८६ मध्ये लिव्हरपूलमध्ये सुई बदलून देण्याचे केंद्र सुरू झाले आणि १९८७ मध्ये सरकारने देशभर प्रायोगिक केंद्रे काढली. १९८८ साली सरकारच्याच सल्लागार मंडळाने लिहून दिले की व्यक्तीच्या आणि समाजाच्या आरोग्याला नशेपेक्षा एचआयव्हीचा धोका मोठा आहे. तेव्हा मार्गारेट थॅचर यांचे सरकार होते. गरिबांचा कळवळा असलेले सरकार म्हणून ते कधी ओळखले गेले नाही. तरीही त्याला हे मानावे लागले, कारण आकडे समोर होते.

न्यूयॉर्क : काळ्या नेत्यांनी विरोध का केला?

आता आपल्याला सगळ्यात जवळचा भाग. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव डोळ्यांसमोर होते. त्या ब्लॅक पँथरची हेरॉईनबद्दलची भूमिका आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. हेरॉईन हे काळ्या वस्त्यांना गुंगीत ठेवणारे शस्त्र आहे असे ते मानत. १९७० साली न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये पोर्तोरिकन तरुणांच्या 'यंग लॉर्ड्स' संघटनेने लिंकन हॉस्पिटलचा ताबा घेतला. त्याच वर्षी पँथर आणि यंग लॉर्ड्सचे कार्यकर्ते मिळून त्या हॉस्पिटलात 'लिंकन डिटॉक्स' हे व्यसनमुक्तीचे काम सुरू करून बसले. वस्तीच्या लोकांनी वस्तीच्या लोकांवर उपचार करायचे, सोबत राजकीय शिक्षण द्यायचे. व्यसनी माणूस हा आपलाच माणूस आहे, ही त्यामागची धारणा होती.

अशी परंपरा असलेल्या समाजाने पुढे सुईवाटपाला कडाडून विरोध केला. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त स्टीफन जोसेफ यांनी सुई बदलून देण्याचा छोटा प्रयोग सुरू केला. तेव्हा शहरात सुई टोचून घेणारे सुमारे दोन लाख लोक असल्याचा अंदाज होता आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना लागण झालेली होती. काळे चर्चप्रमुख, काळे नगरसेवक या प्रयोगावर तुटून पडले. 'वंशसंहार' हा शब्द वापरला गेला.

हा विरोध अडाणीपणाचा होता असे म्हणणे सोपे आहे, पण ते चूक ठरेल. अमेरिकन सरकारने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे टस्कीगीमध्ये शेकडो काळ्या पुरुषांचा सिफिलिस उपचाराविना ठेवून त्यांचा अभ्यास केला होता. त्या सरकारच्या हातातून येणारी सुई लोकांनी संशयाने बघितली, यात काय चुकले? आणि त्यांचा मुख्य सवाल रोखठोक होता. उपचाराच्या खाटा नाहीत, घरे नाहीत, नोकऱ्या नाहीत, शाळा धड नाहीत, आणि आम्हाला द्यायला तुमच्याकडे सुई तेवढी आहे? उद्या आपल्या वस्तीत सुईवाटप सुरू झाले तर आपली माणसेही हाच सवाल करतील, आणि तो सवाल रास्त असेल.

प्रयोग कसा राबवला तेही बघा. वस्त्यांनी जागा नाकारल्यावर एकच केंद्र उरले, तेही शहराच्या आरोग्य खात्याच्या मुख्य इमारतीत, कोर्ट-कचेऱ्यांच्या शेजारी. नोंदणी करा, ओळखपत्र घ्या, एक जुनी सुई द्या, एक नवी घ्या. पोलिसांच्या वर्दळीतून वाट काढत तिथे कोण जाणार? दोन लाखांच्या शहरात नोंदणी काही शेकड्यांत अडकली. १९९० साली डेव्हिड डिंकिन्स महापौर झाले, न्यूयॉर्कचे पहिले काळे महापौर. त्यांनी हा प्रयोग बंद केला. आधी योजना अशी आखायची की कोणी येऊच नये, आणि मग 'बघा, कोणी येत नाही' म्हणून ती गुंडाळायची, हा खेळ आपल्या लोकांना नवा नाही. वसतिगृहांपासून शिष्यवृत्तीपर्यंत आपण तो पाहिलेला आहे.

कायदा मोडून वाटप

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा प्रिस्क्रिप्शनशिवाय सिरिंज बाळगणे गुन्हा होता. १९९० च्या मार्चमध्ये 'ॲक्ट अप' या एड्सविरोधी संघटनेचे कार्यकर्ते लोअर ईस्ट साइडच्या चौकात सुया घेऊन उघडपणे उभे राहिले आणि अटक करवून घेतली. आठ जणांवर खटला चालला. आम्ही कायदा मोडला हे त्यांनी नाकारले नाही. त्याहून मोठी हानी टाळण्यासाठी तो मोडणे भाग होते, असे त्यांनी कोर्टाला सांगितले. १९९१ च्या जूनमध्ये न्यायाधीश लॉरा ड्रेगर यांनी त्यांना निर्दोष सोडले. पुढच्या वर्षी राज्याने सुईवाटपाला रीतसर परवानगी दिली.

त्याआधी १९८८ मध्येच पश्चिम किनाऱ्यावरच्या टकोमा शहरात डेव्ह पर्चेस नावाच्या माणसाने रस्त्याच्या कडेला घडीची खुर्ची आणि छोटे टेबल मांडून सुया वाटायला सुरुवात केली होती. इमारत नाही, फाईल नाही, ओळखपत्र नाही. जिथे लोक आहेत तिथे टेबल. न्यूयॉर्कचे सरकारी केंद्र आणि हे टेबल यांत सुई तीच होती. लोकांपर्यंत पोहोचले ते टेबल.

काळ्या नेतृत्वाचे पुढे काय झाले? न्यू हेवन शहराचे पहिले काळे महापौर जॉन डॅनियल्स यांच्या काळात, १९९० च्या नोव्हेंबरमध्ये, तिथे कायदेशीर सुईवाटप सुरू झाले. येल विद्यापीठाच्या एडवर्ड कॅपलान यांनी परत आलेल्या सुयांची तपासणी करून अंदाज काढला की या कामामुळे नव्या लागणी सुमारे एक तृतीयांशाने घटल्या असाव्यात. डिंकिन्स यांनी त्यानंतर आपला विरोध मागे घेतला. बाल्टिमोरचे काळे महापौर कर्ट श्मोक यांनी तर पुढाकार घेऊन १९९४ मध्ये आपल्या शहरात वाटप सुरू करवले. आपल्याच माणसांचे मृतदेह मोजावे लागल्यावर नेतृत्वाने मत बदलले. मत बदलण्यात कमीपणा नव्हता. उशीर झाला, हे दुःख मात्र राहिले.

एकास एक, की लागतील तितक्या?

वाटपाच्या पद्धतीवरचा सगळ्यात मोठा वाद हा आहे. 'एक जुनी द्या, एक नवी घ्या' हा नियम ऐकायला बरा वाटतो. रस्त्यावर सुया पडणार नाहीत, हिशेब राहील. पण ज्याची सुई पोलिसांनी जप्त केली, ज्याची झोपडी पालिकेने उठवली, जो पकडले जाण्याच्या भीतीने वापरलेली सुई खिशात ठेवत नाही, त्याने बदल्यात काय द्यायचे? ज्याला सुईची सर्वांत जास्त गरज आहे, तोच या नियमात रिकाम्या हाताने परत जातो.

कॅनडातल्या व्हँकुव्हरचा धडा इथे महत्त्वाचा आहे. तिथे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून सुईकेंद्र होते, वर्षाला वीस लाखांहून अधिक सुया जात. तरीही १९९६-९७ च्या सुमारास शहराच्या डाउनटाउन ईस्टसाइड भागात एचआयव्हीचा मोठा उद्रेक झाला. सुईवाटप निरुपयोगी आहे असे म्हणायला विरोधकांना आयते निमित्त मिळाले. पण कारणे वेगळी होती. तिथे कोकेन टोचून घेण्याचे प्रमाण वाढले होते आणि कोकेनची सुई काही जण दिवसात वीस-वीस वेळा घेतात. केंद्राच्या वेळा ठरलेल्या, मिळणाऱ्या सुयांवर मर्यादा. रात्री दोन वाजता सुई लागली तर शेजाऱ्याचीच. पुढे नशा करणाऱ्यांच्या 'व्हँडू' या संघटनेने चौकात टेबल मांडून रात्रीचे वाटप सुरू केले, शहरानेही एकास एकचा हट्ट सोडला आणि लागतील तितक्या सुया देणे सुरू झाले. त्यानंतर सुया सामाईक वापरण्याचे प्रमाण घसरले. २००३ मध्ये त्याच वस्तीत देखरेखीखाली इंजेक्शन घेण्याचे 'इनसाइट' हे केंद्र उघडले. केंद्र सरकारने ते बंद पाडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा २०११ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते चालू ठेवण्याचा आदेश दिला.

एक पद्धत सगळ्यांना पुरत नाही, हे या सगळ्यातून कळते. केंद्रावर वाटप केले तर डॉक्टर, तपासणी, जखमांची मलमपट्टी एकाच जागी मिळते, पण लाजणारा येत नाही. फिरती गाडी दूर पोहोचते, पण थांबत नाही. औषध दुकान सगळीकडे असते, पण दुकानदाराची नजर आड येते. सुयांचे स्वयंचलित यंत्र रात्रीही चालते आणि कोणाला तोंड दाखवावे लागत नाही, पण ते बोलत नाही आणि उपचाराकडे नेत नाही. सगळ्यात लांब पोहोचणारी वाट म्हणजे नशा करणाऱ्यानेच आपल्या सोबत्यांसाठी पिशवीभर सुया घेऊन जाणे. घराबाहेर न पडू शकणाऱ्या बायांपर्यंत याच वाटेने सुई पोहोचते. एकास एकचा नियम नेमकी हीच वाट बंद करतो.

नॅलोक्सोनचीही अशीच कथा आहे. अमेरिकेत त्याला १९७१ साली मान्यता मिळाली, पण पंचवीस वर्षे ते हॉस्पिटलात आणि ॲम्ब्युलन्समध्येच राहिले. ओव्हरडोस होतो तेव्हा शेजारी असतो तो दुसरा नशा करणारा, डॉक्टर नव्हे. १९९६ साली शिकागोमध्ये डॅन बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपला एक साथी ओव्हरडोसने गमावल्यानंतर हे औषध थेट लोकांच्या हातात द्यायला सुरुवात केली. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीच शिफारस केली, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत त्याचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीविना विकायला परवानगी मिळाली. रस्त्यावरच्या लोकांना जे १९९६ मध्ये कळले, ते कागदावर यायला सत्तावीस वर्षे लागली.

मणिपूर आणि आपला देश

आपल्याकडे ही किंमत आधी ईशान्येने मोजली. म्यानमारच्या सीमेवरून 'नंबर फोर' हेरॉईन मणिपुरात येत होते. १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा आला. सेवन हाच गुन्हा, हेरॉईनसाठी एक वर्षापर्यंत कैद. सिरिंज बाळगायची भीती, दुकानदाराची विकायला नाराजी, म्हणून चार-पाच जणांत एक सुई. १९८९-९० मध्ये अवघ्या काही महिन्यांत तिथे तपासलेल्या सुई वापरणाऱ्यांमधले लागणीचे प्रमाण शून्यावरून पन्नास टक्क्यांच्या घरात गेले. एडिनबर्गचीच गोष्ट, फक्त माणसे ईशान्येतली. म्हणून ती दिल्लीच्या वर्तमानपत्रांत मोठी झाली नाही.

चुराचांदपूरमध्ये १९९५ साली 'शालोम' या संस्थेने सुया बदलून देण्याचे काम सुरू केले. सरकार संशयाने बघत होते, चर्चला पटत नव्हते, आणि राज्यात सशस्त्र गट नशा करणाऱ्यांना स्वतःच शिक्षा देत होते. अशा वातावरणात घरोघर, डोंगरवाटांनी सुया पोहोचवणारे अनेक कार्यकर्ते स्वतः कधीकाळी नशा करणारे होते. १९९६ मध्ये मणिपूरने आपले एड्स धोरण जाहीर केले आणि हानी कमी करण्याचा मार्ग स्वीकारणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. दिल्लीला यायला वेळ लागला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २००७ च्या तिसऱ्या टप्प्यात सुईवाटप आणि तोंडावाटे पर्यायी औषध देणे देशभर वाढवले गेले.

महाराष्ट्रात काय होते? १९८० च्या दशकात मुंबईत गर्द पसरला. अनिल अवचट यांच्या लेखनातून समाजाला हादरा बसला आणि १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभे राहिले. सोडायला तयार असलेल्यांसाठी ते मोठे काम होते आणि आहे. पण जो अजून तयार नाही, जो प्लॅटफॉर्मवर आहे, त्याच्याकडे कोण जाणार? मुंबईत १९९० च्या दशकापासून 'संकल्प'सारख्या मोजक्या संस्था हे काम करत आल्या. आपल्या चळवळीने त्याकडे पाठ फिरवली, हे मान्य करू.

आजची स्थिती अशी. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक सुईने नशा करतात. देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे. सुई वापरणाऱ्यांमध्ये ते २०२१ च्या सरकारी पाहणीत सुमारे ९ टक्के होते. नॅलोक्सोन अजूनही दवाखान्याच्या कपाटातच आहे.

ठराव आणि पाणी

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम २२ नुसार धोका कमी करण्यासाठी सुई देणाऱ्यावर किंवा घेणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. कायद्याने दिलेल्या उदाहरणातही मात्र जुनी सुई देऊन नवी घेणारा माणूसच दाखवला आहे. म्हणजे एकास एकची चौकट तिथेही डोक्यात बसलेली. आणि दुसऱ्या बाजूला एनडीपीएसचे कलम २७ तसेच उभे आहे. एक कायदा सुई देतो, दुसरा ती सुई बघून माणूस उचलतो.

आपल्याला हे चित्र ओळखीचे असायला हवे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडले. कागदावरचा हक्क कोणीतरी जाऊन उचलावा लागतो. महाडचा सत्याग्रह आणि सुईवाटप एकच आहेत असे मी म्हणत नाही. पण 'हा विटाळलेला आहे, याला जगायच्या वस्तूपासून लांब ठेवा' ही वृत्ती कुठून येते, हे ओळखायला आपल्याइतके अनुभवी दुसरे कोण आहे? 'गर्दुल्ला' म्हणून ज्याला हॉस्पिटलच्या दारातून हाकलतात, त्याच्या अंगावरून जाणारी नजर आपल्या आजोबांनी पाहिलेली आहे.

आणखी एक गोष्ट. उघड्यावर टाकलेली सुई शेवटी कोणाच्या हाताला टोचते? मुंबई-पुण्याचा कचरा उचलणारे, गटारात हात घालणारे हात बहुतांशी कोणत्या जातींचे आहेत, हे सांगायला नको. सुई वापरणाऱ्याला पक्का डबा दिला, परतीची सोय ठेवली आणि पोलिसांची भीती काढली, तर ती सुई कचऱ्यात जात नाही. म्हणून हा प्रश्न सफाई कामगारांच्या सुरक्षेचाही आहे. आपल्या युनियनांनी तो हातमोज्यांच्या मागणीबरोबर मांडला पाहिजे.

पंचशीलाचे काय?

आता त्या बैठकीतल्या आक्षेपाला उत्तर. मद्य आणि मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे शील आपण घेतो. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मी ते पाळतो, आणि प्रत्येकाने पाळावे असे मला वाटते. पण शील माणूस स्वतः घेतो. ते न पाळणाऱ्याला एचआयव्हीची शिक्षा द्यायची, असे कोणत्या विहारात शिकवले आहे? भिक्खूसंघातला एक आजारी भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता आणि सोबती त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतः धुतले, उचलून निजवले. आधी त्याचे वर्तन तपासले नाही.

आणि बाबासाहेब? १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या निवडणूक जाहीरनाम्यात सरकारच्या दारूबंदीला स्पष्ट विरोध होता. बंदीने महसूल बुडतो, शिक्षणाला पैसा उरत नाही, आणि दारू गाळण्याचा धंदा घरात शिरून बायका-मुलांसमोर येतो, असा तो युक्तिवाद होता. स्वतः व्यसनाच्या कट्टर विरोधात असलेल्या नेत्याच्या पक्षाने धोरणाकडे परिणामांवरून पाहिले. बंदीचा हेतू काय, यापेक्षा बंदीने गरिबाच्या घरात काय घडले, हे विचारले. आपण त्यांचे वारस असू तर तोच प्रश्न सुईबद्दल विचारला पाहिजे.

'सुई दिली की नशा वाढेल' हा शेवटचा आक्षेप. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. सुईवाटपाने नशा वाढते असा विश्वासार्ह पुरावा सापडला नाही. उलट सुई घ्यायला येणारा माणूस पुढे उपचाराकडेही वळतो, कारण त्याच्याशी माणसासारखे बोलणारा कोणीतरी त्याला भेटलेला असतो.

मग काय करायचे?

हार्लेमच्या सवालाचा मान राखून मागणी करायची. सुई उपचाराच्या बदल्यात नको, उपचारासोबत हवी. सरकारी रुग्णालयांत मोफत खाटा आणि पर्यायी औषध हवे. सामाजिक न्याय खात्याच्या नशामुक्तीच्या पैशाचा हिशेब आपल्या जिल्ह्यात माहितीच्या अधिकारात मागा. एकास एकची अट कुठे लावली जाते का, याची चौकशी करा. सुया पोहोचवणाऱ्या पिअर कार्यकर्त्यांना तुटपुंजे मानधन मिळते, त्यांना कामगाराचा दर्जा आणि पगार मिळावा म्हणून भांडा. कलम २२ ची प्रत छापून पोलीस ठाण्यात द्या. नॅलोक्सोन वस्तीपर्यंत यावे ही मागणी आपल्या मोर्चाच्या पत्रकात येऊ द्या. आणि जिथे हे काम चालू आहे तिथे जा, बसा, बघा, शिका.

नशेचा धंदा करणाऱ्यांविरुद्धची लढाई चालूच राहील. ती सोडा असे कोणी म्हणत नाही. पण त्या लढाईत पुलाखाली पडलेला आपला पोरगा शत्रूच्या बाजूला मोजायचा नाही. ॲमस्टरडॅममध्ये, टकोमात, चुराचांदपूरमध्ये कोणीतरी टेबल मांडले, पिशवी खांद्याला अडकवली आणि निघाले. आपल्या वस्तीत ती पिशवी कोण उचलणार, हे पुढच्या बैठकीत ठरवू या. यावेळी विषय मध्येच संपवायचा नाही.

जय भीम!